अग्निगोळा हराम, मूठ हलाल?

गेल्या महिन्यात ओव्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर चार मिनिटांचा एक ऑडिओ फिरला. बोलणारे गृहस्थ वयाने मोठे, पाबंदीने नमाज पढणारे, गावात शब्दाला मान असलेले. त्यांचं म्हणणं असं की आपली नववी-दहावीतली पोरं बिल्डिंगच्या जिन्यात बसून सिहर शिकतायत, वहीत जादूचे मंत्र लिहून काढतायत, आणि आईबापांना पत्ता नाही. वह्या जप्त करा, पोरांना तौबा करायला लावा. सोबत पुरावा म्हणून वहीच्या एका पानाचा फोटो होता.

ते पान माझ्या भाच्याचं. त्यावर काय लिहिलं होतं ते आधी सांगतो, कारण ग्रुपवर घाबरलेल्या दोनशे माणसांपैकी फार थोड्यांनी ते वाचलं असावं.

मंत्राचं नाव 'सुरुंग'. पल्ला शंभर फूट. वीस फुटांच्या गोलात जे येईल ते उद्ध्वस्त. सहा फासे टाकायचे, जेवढी बेरीज तेवढी इजा. ज्याने वेळेत अंग बाजूला टाकलं त्याला अर्धी. गोलात घर, झाड, विहीर आली तर तीही गेली, आणि ती परत उभी राहणार नाही. शेवटची ओळ अशी की मंत्र टाकणारा पुढचे दोन डाव बहिरा होईल, त्याला साथीदारांची हाक ऐकू येणार नाही.

विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून फोडत होते तेव्हा हा पोरगा लहान होता. पनवेलला नातेवाइकांकडे असताना ते दणके त्याने ऐकलेत. नाव तिथून आलं. बहिरेपणाची अट कशाला घातली, असं मी विचारलं. म्हणाला, "मामू, फुकट ठेवला तर सगळे तोच टाकत बसतील."

हा सगळा प्रकार म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाच्या खेळाची घरगुती आवृत्ती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली तो बाजारात आणला. चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. कुणाचा वार लागला आणि कुणाचा चुकला हे फासे ठरवतात. मोबाईल लागत नाही, पैसे लागत नाहीत. कागद, पेन्सिल आणि पाठांतर लागतं. त्यातला सगळ्यात गाजलेला विनाशकारी मंत्र म्हणजे अग्निगोळा. आजच्या नियमांत त्याचा पल्ला दीडशे फूट, त्रिज्या वीस फूट, इजा आठ फाशांची. चपळाईने वाचलात तर निम्मी. त्यासाठी जादूगाराजवळ वटवाघळाची विष्ठा आणि गंधक यांची बारीक गोळी असावी लागते. गंधक आणि सोरा म्हणजे बंदुकीची दारू, हे ज्याला कळतं त्याला हा विनोद कळतो. या अग्निगोळ्याचं मूळही रणांगणाच्या खेळातलं आहे. १९७१ च्या 'चेनमेल' या सैनिकांच्या खेळात जादूगाराच्या आगीचा टप्पा मोठ्या गोफणयंत्राच्या दगडाइतका धरला होता. म्हणजे तोफेला जादूगाराचा झगा घातला, एवढंच.

आता सिहर म्हणजे काय ते बघू. कारण हा शब्द सहज उच्चारायचा नाही. हदीसमध्ये ज्या सात गोष्टींना माणसाचा नाश करणारी पापं म्हटलंय, त्यांत शिर्कनंतर लगेच सिहर येतो. सूरह बकराच्या १०२ व्या आयतीत बाबिल आणि हारूत-मारूत यांचा उल्लेख आहे. लोक त्यांच्याकडून काय शिकत, याचं उदाहरण तिथे एकच दिलंय: नवरा-बायकोत फूट पाडणं. आणि अल्लाहच्या हुकमाशिवाय ते कुणाला इजा करू शकत नव्हते, हेही तिथेच सांगितलंय. आगीचे गोळे नाहीत, राक्षस नाहीत. एका घराचा संसार मोडणं, हा कुरआनने दिलेला जादूचा नमुना. हनफी फकीह अबू बक्र अल-जस्सास यांनी तर हजार वर्षांपूर्वी 'अहकामुल कुरआन'मध्ये सिहरला मुळात हातचलाखी आणि फसवणूक ठरवलं. मूसा अलैहिस्सलामांसमोर फिरऔनच्या जादूगारांनी दोर-काठ्या फेकल्या, त्या साप झाल्या नव्हत्या, तसा भास झाला होता, हा त्यांचा एक आधार. इतर अनेक आलिम त्यांच्याशी सहमत नाहीत आणि सिहरला खरा परिणाम असतो असं मानतात. पण दोन्ही पक्षांना सिहरसाठी काही गोष्टी लागतातच. कुणाला तरी नुकसान पोहोचवायचा इरादा लागतो, किंवा अल्लाह सोडून दुसऱ्या शक्तीला घातलेली साद लागते, किंवा फसवायला एक गिऱ्हाईक लागतं. जिन्यात बसलेल्या पाच पोरांत यातलं काय आहे? त्यांनी कुणाला हाक मारली? फाशाला?

हां, फाशाबद्दल मात्र बोलता आलं असतं. सहीह मुस्लिममध्ये नर्द या फाशांच्या खेळाविरुद्ध कडक हदीस आहे, आणि पैसे न लावताही फाशांचा खेळ नाजायज मानणारे आलिम बरेच आहेत. या खेळावर शरीयतच्या अंगाने खरा आक्षेप घ्यायचाच असेल तर तो हा. ऑडिओत त्याबद्दल एक अक्षर नाही. का नाही ते सांगतो. तो मुद्दा काढला तर पहिला हात लुडोवर टाकावा लागेल, आणि लुडो आपल्या प्रत्येक घरात आहे, दुकानाच्या पायरीवर आहे, मोबाईलवर तर २०२५ पर्यंत पैसे लावून होता. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सरकारने पबजी बंद केला, त्याआधी गावातली हीच पोरं दिवसरात्र एकमेकांना गोळ्या घालत होती. तेव्हा झोपेची आणि डोळ्यांची काळजी सगळ्यांनी केली, कत्ल हे कबीरा गुनाह असून पोरं त्याचा सराव करतायत असं कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती, कारण तो खेळ आहे हे सगळ्यांना कळत होतं. मग अग्निगोळ्याच्या बाबतीत ते कळणं कुठे जातं?

मला वाटतं, याचं उत्तर असं की आपल्याला बंदूक खेळातली आहे याची खात्री असते, मंत्र खेळातला आहे याची नसते. आपल्या मनाच्या तळाशी मंत्र चालतो. आपण कोकणातले लोक. मूठ मारणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. भगत कुठेतरी लांब बसून भारलेले उडीद मुठीत घेतो, फेकतो, आणि इकडे माणूस रक्त ओकून पडतो. आगरी असो, कोळी असो, कुळवाडी असो की कोकणी मुसलमान, मूठ, करणी, देवस्की, चेटूक हे सगळ्यांच्या घरातले शब्द. पाच वक्त नमाज पढणाऱ्या घरांतसुद्धा उंबऱ्यावर लिंबू सापडलं की बाई पांढरी पडते.

जरा मूठ आणि अग्निगोळा शेजारी ठेवून बघा. अग्निगोळा दीडशे फुटांपलीकडे जात नाही, मूठ पनवेलहून मारली तर दुबईला पोहोचते. अग्निगोळ्यातून सुटायला डाव आहे, फासा आहे. मुठीतून सुटका फक्त दुसऱ्या भगताकडे. अग्निगोळा कुणी टाकला हे टेबलावरच्या प्रत्येकाला दिसतं, मूठ कुणी मारली हे एकट्या बाबाला दिसतं. अग्निगोळा वापरला की त्या दिवसापुरती जादूगाराची ताकद घटते. पहिल्या नियमांत तर तो मंत्र डोक्यातूनच पुसला जायचा, पुन्हा पोथी उघडून पाठ करावा लागायचा. मुठीची किंमत मारणारा कधी भरत नाही, ज्याला लागली असं सांगितलं जातं तो भरतो, हप्त्याने भरतो. आणि अग्निगोळा चुकला तर चुकला म्हणतात. मूठ कधीच चुकत नाही. माणूस आजारी पडला तर लागली, बरा झाला तर बाबाने उतरवली.

पोरांचा मंत्र नियमांनी बांधलेला आहे, म्हणूनच तो खेळ राहतो. भाच्याने बहिरेपणाची अट घातली ती याच समजेतून. उद्ध्वस्त करायची ताकद फुकट असू नये, हे चौदा वर्षांच्या पोराला कळतं.

आणि मुसलमानांनी जादूच्या गोष्टींना घाबरावं, हे तर आपल्या इतिहासालाही धरून नाही. अकबराने हम्जानाम्याची चित्रं काढून घेतली, सुमारे चौदाशे चित्रं, जवळजवळ पंधरा वर्षं काम चाललं. गोष्टीचा नायक कोण? पैगंबरांचे चुलते अमीर हम्जा. आणि गोष्टीत काय? देव, पऱ्या, अजगर, जादूगार. लखनौच्या नवल किशोर प्रेसने १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड छापले, मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर यांनी लिहिलेले. त्यात जादूगारांचा बादशहा अफ्रासियाब आगीचा पाऊस पाडतो, शहरंच्या शहरं जादूने बांधून टाकतो, आणि अमर अय्यार आपल्या झंबिलीत, त्या अथांग झोळीत, अख्खी दुनिया घालून पळतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्येही अशी मावेल तेवढं मावणारी पिशवी आहे, पोरांना विचारा. दिल्लीत, लखनौत हे दास्तान रात्र-रात्र ऐकत बसणारे लोक फजरला मशिदीत असायचे. गोष्टीतला साहिर आणि गल्लीतला आमिल यांत त्यांची गल्लत होत नव्हती.

मग ही गल्लत आली कुठून? अमेरिकेतून, असं म्हटलं तर ते गृहस्थ चिडतील, पण जुळणी बघा. १९८२ साली व्हर्जिनिया राज्यात एका शाळकरी मुलाने आत्महत्या केली. त्याच्या आईने या खेळाला दोष दिला आणि पुढच्या वर्षी खेळाविरुद्ध संघटना काढली. १९८४ मध्ये जॅक चिक या कट्टर ख्रिस्ती प्रचारकाने एक चित्रपुस्तिका काढली, तिच्यात खेळता खेळता मुलगी खऱ्या चेटकिणींच्या टोळीत ओढली जाते. पोरं मंत्र शिकतात, सैतानाला बोलावतात, जीव देतात, वह्या जाळा. खेळाचा आणि त्या मृत्यूंचा संबंध कधी सिद्ध झाला नाही. चाळीस वर्षांनी तोच माल सैतानाच्या जागी शैतान घालून आपल्या ग्रुपवर आला. आपण ज्याला दीनी गैरत समजतोय ती अशी उसनी आहे.

आता खऱ्या विनाशमंत्राकडे येतो.

हार्बर लाईनच्या डब्यात दाराशेजारी, मुतारीच्या भिंतीवर, रिक्षाच्या मागे जे स्टिकर असतात ते आपण सगळे वाचतो. बहुतेकांवर नाव मुसलमानी, पदवी बाबा किंवा आमिल. काय विकतात? नवऱ्याला वश करणं, सवतीपासून सुटका, दुश्मनाचा बंदोबस्त, मनासारखं लग्न. पुन्हा ती १०२ वी आयत काढा. बाबिलमध्ये जे शिकवलं जात होतं तेच हे, फोन नंबरासकट.

माझ्या पाहण्यातलं एक घर सांगतो, तालुक्यातलंच. सून बाळंत झाली, आणि नंतर तिची झोप गेली. रडायची, बाळाला जवळ घ्यायची नाही. डॉक्टरला दाखवलं असतं तर बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणून औषध सुरू झालं असतं. घरच्यांनी आमिल आणला. त्याने गादीखालून तावीज काढून दाखवला. तो त्याच्याच बाहीत होता असं मला वाटतं, पण ते जाऊ द्या. घरातलीच आहे, सावळी आहे, तुमच्या उजव्या हाताला राहते, एवढंच तो बोलला. नाव त्याने घेतलंच नाही. हीच या धंद्यातली खुबी. नाव घरच्यांनी भरलं, थोरल्या जावेचं. एकवीस हजार रुपये गेले ते सोडा. दोन सख्ख्या भावांच्या चुली तुटल्या, एका अंगणात भिंत उभी राहिली, आणि त्या सुनेला औषध मिळायला आठ महिने लागले. थोरली जाऊ आजही लग्नाकार्यात एका कोपऱ्यात बसते. या आमिलावर कुणी ऑडिओ काढला नाही. तो जुम्याला पहिल्या सफेत बसायचा.

हे लोक दाखवतात त्या चमत्कारांची रसायनं अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांत दाखवत आलेत. सुरीला आधी रसायन लावलं की कापलेलं लिंबू लाल होतं. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं की काडी न लावता जाळ उठतो. बाबाचा अग्निगोळा तो, दुकानात मिळणाऱ्या दोन पुड्यांचा.

आणि हे सगळं लिंबावर थांबत नाही. २० जून २०२२ रोजी मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ गावात एकाच कुटुंबातले नऊ जण दोन घरांत मेलेले सापडले. सावकारी कर्जापायी सामूहिक आत्महत्या, असं आधी वाटलं. काही दिवसांत पोलिसांनी सोलापूरचा एक मांत्रिक आणि त्याचा साथीदार यांना अटक केली. गुप्तधन काढून देतो म्हणून पैसे घेतले आणि तगादा लागल्यावर विष दिलं, असा पोलिसांचा आरोप. आरोपींत एक मुसलमान, एक हिंदू, बळी हिंदू. आरोपाचा निकाल न्यायालय देईल. पण गुप्तधन दाखवणाऱ्या माणसाला घरात घेणारी, त्याच्यापुढे पैसा ठेवणारी श्रद्धा कुठल्या एका धर्माची नाही. आपल्यातलेच मांत्रिक इतरांना गिऱ्हाईक करतात आणि आपण आपल्या गल्लीतून त्यांना सलाम करतो, हे बोलायची वेळ कधीच येऊन गेलीय.

महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी तो मागण्यात आयुष्य घातलं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. कायद्याला विरोध करणारे तो हिंदूविरोधी आहे म्हणत राहिले, आणि आपल्यातले बरेच जण हे त्यांचं आपसातलं भांडण म्हणून बाजूला बसले. कायद्याची अनुसूची वाचून बघा. अमुक माणूस करणी करतो असं सांगून त्याच्याबद्दल संशय पसरवणं, भूत उतरवायला मारहाण करणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता गंडेदोरे करणं, हे सगळं गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. यातली कुठली गोष्ट आपल्याकडे होत नाही? तावीज-मंत्राने रोग बरा करण्याच्या जाहिरातींना तर १९५४ च्या केंद्रीय कायद्यानेच बंदी आहे. मिरवणूक, उरूस, दर्ग्यावरची जियारत यांना हा २०१३ चा कायदा हात लावत नाही, त्यामुळे तेवढी सबबही उरत नाही.

इथे एक उत्तर मला हमखास मिळतं: हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्यावरसुद्धा जादू झाली होती, मग तुम्ही कोण नाकारणारे? मी वादासाठी सिहर खरा मानूनच बोलतो. बुखारीतली ती रिवायत पूर्ण वाचा. त्यात पैगंबरांनी करणाऱ्यावर सूड घेतला नाही. अल्लाहने मला बरं केलं, आता लोकांत वाईट पसरवायचं नाही, अशी त्यांची भूमिका होती, आणि ती विहीर बुजवून टाकायला सांगितली. पैसे देऊन कुणाला बोलावलं नाही, कुणा बाईकडे बोट दाखवलं नाही. ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी फलक आणि नास या दोन सूरह आहेत. त्या आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहेत, पढायला एक मिनिट लागतं आणि त्यांची फी नसते. दुसरीकडे, भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज कबूल होत नाही, ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. चार मिनिटांच्या ऑडिओत ती सहज मावली असती.

मावली नाही, कारण पोराच्या हातून वही काढून घेणं सोपं असतं. पोरगं उलट बोलत नाही, त्याच्या मागे कुणी नसतं, आणि वही जप्त केल्यावर आपण दीनची मोठी खिदमत केल्यासारखं वाटतं. आमिलाला हात लावला तर त्याचे मुरीद येतात, ज्या घरांनी पैसे भरलेत त्यांना लाज वाटते, आणि कधीकधी ते घर आपलंच असतं. ओव्यात आज एका बाजूला टॉवर आहेत, मेट्रो आहे, पोरं इंग्रजी पुस्तकं वाचून स्वतःचे खेळ तयार करतायत. दुसऱ्या बाजूला त्याच टॉवरमधल्या वातानुकूलित घरात आमिल गादी उचकतोय. यातलं काय पोरांपासून लपवायला हवं होतं?

त्या गृहस्थांना माझी विनंती आहे की पुढचा ऑडिओही त्यांनीच काढावा, त्यांचा आवाज गावात ऐकला जातो. मशिदीच्या जमातीने एका जुम्याच्या बयानात हा विषय घ्यावा, त्या दोन्ही कायद्यांची नावं घेऊन घ्यावा. ज्या घराने पैसे भरलेत त्याने आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात जावं, या कायद्यासाठी पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे. एकट्याने जायला धीर होत नसेल तर मी सोबत येतो. आणि पुराव्यासाठी वहीचं पान शोधत बसायला नको. पनवेलला जाणाऱ्या कुठल्याही लोकलच्या दारातल्या स्टिकरचा फोटो काढला की झालं, नाव आणि मोबाईल नंबर त्यावर छापलेला असतो.